आधी पापड

फाळणीनंतर सिंधमधून निघालेलं एक कुटुंब अकोल्यात आमच्या शेजारी राहायला आलं. मी तेव्हा तिसरीत होते. त्या घरच्या बाईंनी एका दुपारी आईला बोलावलं, म्हणून तिच्यामागे मीही गेले. बसतो न बसतो तोच समोर भाजलेला पापड आणि पाण्याचा तांब्या आला. आमच्याकडे पापड ताटातच दिसायचा, त्यामुळे आईला वाटलं, जेवायलाच बोलावलंय. ती ऐसपैस बसली आणि ताटाची वाट पाहू लागली. पाहुणी उठत नाही, म्हणजे तिला पापड आवडला, असं समजून बाई आणखी भाजत राहिल्या. शेवटी आईला राहवेना. "बाई, पापडच देऊन राहिल्या तुमी, भाकर कुठी हाये?"

बाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या पोट धरून हसल्या, मग आईही. तिकडे उन्हातून आलेल्याला आधी पापड-पाणी देतात, हे त्यांनी हिंदीत समजावलं. घर, दुकान सगळं मागे सुटलं, ही रीत तेवढी सोबत आली. दुसऱ्या दिवशी आई भाकर आणि ठेचा घेऊनच गेली. मग दुपारी अशाच रंगायला लागल्या.

पुढे माझ्या लग्नाची बोलणी करायला पुण्याची मंडळी आली. आईने आल्या आल्या पापड ठेवले. "हे काय, आधी पापड?" एकीने नाक मुरडलं. मला असा राग आला, की लग्न मोडलं तरी चाललं असतं! आई मात्र शांतपणे म्हणाली, "आमच्यात असंच राहते."