राधेची दाढी आणि नवा ब्रश

फेस गालावर थांबेना. मी ब्रश फिरवत होतो आणि तो पातळ ताकासारखा हनुवटीवरून गळ्यावर आणि गळ्यावरून टॉवेलात उतरत होता. खुर्चीत बसलेल्या पांडूदादांनी एक डोळा उघडला.

"हिंगोली, दाढी करतोयस की आंघोळ घालतोयस?"

"दाढीच करतोय, दादा."

"मग साबण कुठं गेला?"

तेच मला कळत नव्हतं. वाटीत साबण होता, तांब्यात गरम पाणी होतं, हातात कोरा ब्रश होता. तिन्ही जागच्या जागी होती आणि फेस होत नव्हता.

मी रत्नागिरीत एका सलूनमध्ये कारागीर आहे. गाव हिंगोलीकडचं, म्हणून आमच्या गल्लीत मला नावाने कुणी हाक मारत नाही. आठवीनंतर शाळा सुटली. मामाकडे हात बसवला आणि ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या सांगण्यावरून इकडे आलो. अण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ठेवून घेतलं. रात्रीचं जेवण अजून त्यांच्याच घरी असतं. वहिनी माझ्यासाठी माशाच्या कालवणात तिखट वाढवतात आणि अण्णा पाणी पीत पीत जेवतात. अशा माणसाच्या दुकानात काही बिघडलं की मला आधी गावाकडची एसटी दिसते. अण्णा मला कधी वावगं बोललेले नाहीत. तरी दिसते.

त्या दिवशी अण्णा बारशाला पोफळीला गेले होते. दुकान माझ्यावर. आणि ब्रश नवा.

जुना ब्रश जनावराच्या केसांचा होता. बरीच वर्षं त्याने सेवा केली आणि मग त्यालाच टक्कल पडायला लागलं. दाढी झाली की कस्टमरच्या गालाला ब्रशाचे दोन-चार केस चिकटलेले. एक रिटायर्ड बँकवाले एकदा म्हणाले, "अण्णा, माझे केस काढायला आलो होतो, तुम्ही उलट लावून पाठवताय." अण्णांना ते लागलं. त्यांनी मोबाईलवरून सिंथेटिक ब्रश मागवला. सिंथेटिक म्हणजे नायलॉनसारख्या बारीक धाग्यांचा. केस गळत नाहीत, धुतला की लवकर वाळतो, कोकणातल्या दमट हवेत त्याला वास धरत नाही. जुना ब्रश अण्णांनी पोफळीला निघताना स्वतःच्या हाताने घंटागाडीत टाकला. निरोपाचा नमस्कार तेवढा केला नाही.

पांडूदादा म्हणजे मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातले. लाद्या उचलून बोटींवर चढवतात. खांदे असे की खुर्चीत बसले की खुर्ची लहान वाटते. दाढी तारेच्या ब्रशासारखी. आणि हे पांडूदादा शिमग्यापासून पुढे दोन महिने गावच्या नमनात राधा होतात. नमन म्हणजे इकडचा लोकखेळ. मृदंग वाजतो, गण होतो, मग गौळण, पुढे वग. गौळणीत राधा लागते आणि त्यांच्या गावात ती पुरुषच करतो.

"आज साधी दाढी नाय," बसतानाच त्यांनी सांगितलं होतं. "आज परीक्षा आहे माझी."

मागच्या कार्यक्रमाची क्लिप गावच्या ग्रुपवर फिरली होती. मंडळातल्या पोरांनी ती मोठी करून बघितली. राधेच्या गालावर रंगाखालून दाढीची निळी सावली दिसत होती. खाली कुणीतरी लिहिलं, 'कृष्णच निळा असतो असं वाटलेलं.' मग मंडळाची मीटिंग झाली. आजच्या खेळातही सावली दिसली तर राधा समीरला द्यायची, असं ठरलं.

"समीर कोण?" मी विचारलं.

"कॉलेजात जातो. अजून दाढी आलेली नाय त्याला. मिशी आली की नाय, त्यावर गावात दोन पार्ट्या आहेत." मग ते म्हणाले, "नाचताना पाय बघायचा असतो रे. त्याचा पाय लाकडासारखा. पण मोबाईलमधी पाय कोण मोठा करून बघतो?"

तेव्हा म्हटलं तर सगळा भार माझ्या वस्तऱ्यावर. एकदा सुलटा हात, एकदा उलटा हात, म्हणजे आधी केसांच्या दिशेने आणि मग विरुद्ध दिशेने. कातडी न कापता असं खोल जायचं तर केस मऊ हवेत, आणि केस मऊ व्हायला फेस जाड हवा. तो गळ्यातून टॉवेलात चाललेला.

मी बाहेर जाऊन अण्णांना फोन लावला. मागे पाळण्याची गाणी चालू होती.

"काय रे?"

"अण्णा, फेस होत नाही."

"साबण आहे?"

"आहे."

"पाणी आहे?"

"आहे."

"मग मी पोफळीहून फुंकर मारू? खुर्चीत कोण?"

"पांडूदादा."

पाळण्याची गाणी लांब गेली, अण्णा बाजूला आले असावेत. त्यांना मीटिंगचं माहीत होतं. मग म्हणाले, "ब्रश नीट भिजला नसेल. कोरा आहे ना. गरम पाण्यात चांगला बुडवून ठेव."

मालकाने सांगितलं म्हटल्यावर मी ब्रश पाण्यात मुठीपर्यंत बुडवला, वाट बघितली, काढला, आणि साबणावर फिरवला. या वेळी आधीपेक्षा पातळ झालं. वर मोठे मोठे बुडबुडे यायचे आणि सूं करून फुटायचे. मी जोर लावला. जोर लावला की सिंथेटिकचे धागे वाकतात, आणि सोडले की स्प्रिंगसारखे उडतात. एक सपकारा आरशावर गेला, एक कॅलेंडरवर आणि एक पांडूदादांच्या भुवईवर.

त्यांनी भुवई पुसली. "अभिषेक घालायला मी काय शंकर आहे? राधा आहे मी."

मी सॉरी म्हटलं. चारला त्यांना न्यायला गावची गाडी येणार होती. मला घाई झाली आणि जे करायला नको ते मी केलं. त्याच पातळ फेसावर डाव्या गालाला वस्तरा लावला. खरखर आवाज झाला. चांगल्या दाढीचा आवाज बारीक असतो, हा वाळक्या पानावर पाय पडल्यासारखा. दोन हात मारले आणि गाल लाल झाला. रक्त नाही, पण वरची साल निघाल्यासारखा.

मी वस्तरा खाली ठेवला. "दादा, मी अण्णांना बोलावून घेतो."

"पोफळीहून? तो येईपर्यंत मला परत दाढी येईल." ते सरळ बसले, टॉवेल खांद्यावर टाकला. "आण ती वाटी इकडं."

कस्टमरने वाटी मागितलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी ब्रश हातात घेतला, दोन बोटांत दाबला. त्यातून एवढं पाणी आलं की वाटीचा तळ भरला.

"हा तर पागोळीसारखा गळतोय."

"नवा आहे, दादा. भिजवावा लागतो."

"भिजलाय कुठं? ओला झालाय नुसता." त्यांनी परत दाबला, परत धार लागली. "आमी तोंडाचा रंग कालवतो तेव्हा आधी पाणी घेत नाय. आधी पूड. मग पाणी, ठिपका ठिपका. आधी पाणी घातलं तर रंग तोंडावर ऱ्हात नाय, साडीवर जातो. बायकोची साडी असते ती, घरी जायचं असतं."

मी ब्रशाकडे बघत राहिलो. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जनावराचा केस पाणी पितो. म्हणून जुना ब्रश भिजवून ठेवायचा, मग तो आत घेतलेलं पाणी हळूहळू साबणाला देतो. नायलॉनचा धागा पाणी पीतच नाही. पाणी धाग्यांच्या मधे नुसतं अडकून राहतं आणि ब्रश टेकवला की सगळं एकदम खाली सोडतो. मी साबणावर ब्रश फिरवत नव्हतो, साबण धुऊन टाकत होतो.

वाटी धुतली. ब्रश जोरात झटकला, टॉवेलात दाबून कोरडा केला, फक्त टोकं ओलसर ठेवली. साबण नेहमीपेक्षा जास्त घेतला आणि पाणी अजिबात न घालता ब्रश त्यावर गोल फिरवला. आधी चिकट, दाट लगदा झाला, ब्रश ओढला की ओढला जाईना असा.

"आता ठिपका," पांडूदादा म्हणाले.

ब्रशाची टोकं पाण्याला टेकवली, परत फिरवलं. परत टेकवली, परत फिरवलं. पांडूदादा दर वेळी वाटीत डोकावत होते. "वायच अजून," म्हणायचे. मग एकदा म्हणाले, "बास. आता पाण्याला हात लावलास तर मी समीरकडं जाऊन पाया पडतो."

फेस झाला होता. साईसारखा, चकाकणारा, बुडबुडा एक नाही. चांगला फेस मुका असतो. कानाजवळ नेला तर सूं आवाज येत नाही. गालावर लावतानाही हात हलका ठेवला, ब्रश दाबला नाही, भिंतीला रंग देतात तसा वर-खाली ओढला. जिथं लावला तिथं तो बसून राहिला.

उजवा गाल, हनुवटी, गळा, सगळीकडे सुलटा आणि उलटा हात मारला. वस्तरा असा गेला की पांडूदादा मधे घोरले. डाव्या गालावर जिथं खुंट उरले होते तिथं एकच हलका हात फिरवला. उलटा हात मारायची हिंमत झाली नाही. तुरटी लावायचीही नाही, झोंबली असती. शेजारच्या सरबताच्या गाडीवरून बर्फ आणला. पांडूदादांनी तुकडा उजेडात धरून निरखला.

"आमच्याच कारखान्याचा," म्हणाले आणि गालाला लावला.

गाडी आली. उठताना त्यांनी गालावर बोट फिरवलं. उजवा गाल लोण्यासारखा. डावा गुळगुळीत होता, पण लालच. "यावर रंग चढणार नाय. आग होईल. नुसती पावडर लावतो." मग माझं तोंड बघून म्हणाले, "काय रे, राधा तू होणार आहेस काय? मी घाबरायचं तर तूच घाबरतोयस."

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. आल्या आल्या आरशाकडे बघितलं.

"हे ठिपके कसले?"

"फेसाचे."

"म्हणजे फेस झाला."

मी सगळं सांगितलं. गालाचं सांगताना आवाज बारीक झाला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बुडवून ठेव असं मी सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग अर्धा गाल माझ्या नावावर लाव." एवढंच बोलून ते स्वतः आरसा पुसायला लागले. मी फडकं मागितलं तर दिलं नाही.

पांडूदादा त्यानंतरच्या दिवशी आले ते मोबाईल पुढे धरूनच. क्लिप लावली. मृदंग चालू होता, राधा गिरकी घेत होती आणि पोरांनी नेमका डावा गाल मोठा करून बघितला होता. निळं काही नव्हतं. पावडरीखालून गुलाबी लाली दिसत होती, लाजल्यासारखी. उजव्या गालावरची लाली डबीतली होती, ती डबीतली वाटत होती.

"पोरं विचारतात, मेकअपवाला बदललास काय," पांडूदादा म्हणाले. "समीर मागं गवळण म्हणून उभा केलाय. दूध विकायला."

मी क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली. अण्णा हसत होते.

"आज रात्री परत खेळ आहे," पांडूदादा खुर्चीत बसत म्हणाले. "दोन्ही गाल तसेच कर."

मी ब्रश झटकला, टोकं ओली केली, साबण जास्त घेतला, पाणी ठिपका ठिपका घातलं. फेस उत्तम झाला. दोन्ही हात मारले. दोन्ही गाल एकसारखे गुळगुळीत निघाले, कुठे लालीचा मागमूस नाही. पांडूदादा आरशात बराच वेळ बघत राहिले.

"छान झालीय," शेवटी म्हणाले. "पण फिकी."

सिंथेटिक ब्रशाला पाणी कमी, साबण जास्त आणि हात हलका लागतो, एवढं मी आता कुणालाही शिकवू शकतो. तसा गाल मात्र मला पुन्हा जमलेला नाही. पांडूदादा डबीतलीच लाली लावतात आणि कुणी विचारलं तर आमच्या सलूनचा कारागीर बिघडलाय म्हणून सांगतात.