उशीखालची पुस्तिका

विमलबाई साळवे यांनी पहिल्याच भेटीत मला खडसावले होते. बारामतीत माझी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी सांगितले म्हणून बाई घरी आल्या. रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्यांनी दारात हात धुतले, आईच्या पाठीखाली तळवा सरकवला आणि मला म्हणाल्या, "सर, चादरीला सुरकुती आहे. उद्या हिचीच जखम होते." माझा उभा जन्म शाळेत दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला, त्यामुळे मला राग आला. पण आईची पाठ शेवटपर्यंत शाबूत राहिली, ती बाईंमुळेच.

आई गेल्यावर मी बाईंचा मोटारसायकलवाला झालो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जिथे कोणी अंथरुणात पडून आहे असे कळे, तिथे बाई जात. जखम धूत, कूस बदलत, घरच्यांना शिकवत. त्यांचा एक नियम होता. घरच्यांनी मागितल्याशिवाय रुग्णाजवळ प्रार्थना करायची नाही. त्यांची प्रार्थना परतताना, एसटीच्या थांब्यापाशी गाडी उभी करून, दोन मिनिटांत उरके. "ज्याला उठून जाता येत नाही, त्याला ऐकवायचं नसतं, सर," असे त्या म्हणत.

मला हा नियम भित्रेपणाचा वाटे. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी केवळ गोड लिहावे, अशी समितीची अपेक्षा आहे. बाईंनी मात्र निरोप धाडला की निरवांगीचे लिहायचे असेल तर सगळे लिहा. म्हणून लिहितो.

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे मारुतीतात्या उसाचे मोठे बागायतदार. कमरेखालचे अंग गेले होते आणि माकडहाडावर जखम झाली होती. घरात मुलगा बाळासाहेब आणि सून मंगल. बाईंच्या हाताने जखम भरू लागली होती. एके दिवशी बाई हात धुवायला बाहेर गेल्या असताना मी आमच्या मंडळीची एक छोटी पुस्तिका तात्यांच्या उशीखाली सरकवली. आपण हे प्रेमाने करतो आहोत, असेच मला वाटत होते.

पुढच्या खेपेला दाराला आतून कडी होती. बाळासाहेब खिडकीशी आले. पुस्तिका त्यांच्या हातात होती.

"यासाठी येत व्हता व्हय? आमच्या म्हाताऱ्याला बाटवायला? आता हितं पाय ठेवायचा न्हाय."

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मला मान वर करवेना. तेवढ्यात आतून मंगलचा आवाज आला, "बाई, चार दिस झालं, जखमंला वास येतोय. ताप बी हाय."

"तू गप बस," बाळासाहेब म्हणाले.

गल्लीत माणसे जमू लागली होती. एकाने मोबाईल आमच्यावर रोखला होता. मी बाईंना हळूच म्हणालो, "चला, निघू या." बाई निघाल्या नाहीत. त्या उन्हातल्या पायरीवर बसल्या.

"चूक आमची आहे, बाळासाहेब. तुमचे वडील पडून आहेत, त्याचा आम्ही फायदा घेतला. मी माफी मागते. ती पुस्तिका द्या, मी घेऊन जाते. मी आत येत नाही, हातही लावत नाही. पण जखम आज धुतली नाही तर विष अंगात भिनेल. तुम्ही धुवा. मी इथून सांगते."

"मला न्हाय जमायचं."

"जमेल. आधी हात धुवा."

तात्यांची खाट खिडकीला लागूनच होती. पाण्याचा आवाज आला. बाई पायरीवरून एकेक सांगू लागल्या. उकळून गार केलेलं पाणी घ्या. चोळू नका, नुसतं ओता. लाल दिसतंय का काळं?

"कडंला काळं हाय," बाळासाहेब म्हणाले. तात्या कण्हले तसे त्यांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. "बाई, तात्यास्नी लई दुखतंय."

"थांबा. घाई नाही. हं, आता परत."

अर्धा तास हे चालले होते. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "आता चादर ओढा. सुरकुती ठेवू नका. आणि काळं झालंय ते डॉक्टरांनीच काढायला हवं, आत्ताच न्या." बाळासाहेबांनी दुपारीच तात्यांना दवाखान्यात नेले.

थांब्यापाशी प्रार्थना झाल्यावर बाई मला एवढेच म्हणाल्या, "शिष्यांचे पाय धुताना प्रभूनं कुणाकडून काही लिहून घेतलं नव्हतं, सर." त्यानंतर कित्येक दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. तात्या घरी आल्यावर मी बाईंना रोज निरवांगीला नेत होतो. त्या रोज पायरीवर बसून सांगत आणि बाळासाहेब आत करत. मग एका सकाळी तात्यांचाच आवाज आला, "बाळ्या, त्या बाईला आत घे. उन्हात बसलीय ती." कडी निघाली. मी मोटारसायकलपाशीच थांबलो. जखम भरायला काही महिने लागले, पण भरली.

गेल्या वर्षी बाई घरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. आम्ही मंडळीतले आठ-दहा जण त्यांच्या खाटेभोवती उभे राहिलो आणि मी लांबलचक प्रार्थना सुरू केली. मध्येच दारात पाण्याचा आवाज आला. निरवांगीहून बाळासाहेब आणि मंगल आले होते. बाळासाहेबांनी हात पुसले आणि चादरीवरून तळवा फिरवला.

"सुरकुती हाय," ते म्हणाले. "मंडळी, तुमी जरा भाईर थांबा. मंगल, बाईंची कूस बदल."

आम्ही सगळे निमूट बाहेर आलो. आत बाई हसत होत्या. मी पायरीवर बसलो आणि उरलेली प्रार्थना तिथेच, मनातल्या मनात, दोन मिनिटांत संपवली.

आज बाई काठी घेऊन चालतात आणि पंचाहत्तरीचे कौतुक बाजूला सारून, निरवांगीला कधी निघायचे म्हणून विचारतात. देवाने त्यांना उदंड आयुष्य द्यावे, त्यांचा खुबा बळकट करावा आणि मला त्यांच्या आधी चादर पाहण्याची बुद्धी द्यावी. गाडीत पेट्रोल भरून ठेवले आहे, बाई.