मशीनसमोरची खुर्ची

"ऊठ," साहेब म्हणाले.

मी उठले. मांडीवरचं फडकं खाली पडलं. ते उचलायला वाकले, तर म्हणाले, "राहू दे ते. आधी बाजूला हो."

मी सिंककडे सरकले. साहेबांनी टिश्यूचा डबा ओढला, स्पिरिटची बाटली घेतली आणि मी बसले होते ती खुर्ची पुसायला लागले. आधी बैठक. मग पाठ. मग हात टेकायच्या दोन्ही बाजू. सावकाश. काही सांडलं असतं तरी इतकं निगुतीने पुसलं नसतं. लॅबमध्ये सहा माणसं होती. सगळी आपापल्या काचेच्या भांड्यांत बघत राहिली. एकजण नाकातल्या नाकात हसला.

"तुम्हा लोकांना घासायला दिलंय ना, तर घासायचं. खुर्चीवर चढायचं नाही."

"सॉरी सर," मी म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "सॉरी सर."

खुर्ची पुसलेली लागली, पण हे दोन सॉरी जास्त लागले. अजून लागतात.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी कंत्राटी कामाला होते. खेडच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं, पहिल्या वर्गात. नेमणूक झाली लॅब हेल्पर म्हणून. पहिल्या दिवशी साहेबांनी, म्हणजे लॅबच्या इन्चार्जनी, गाव विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, "वाडी कुठची?"

आमच्याकडे जात कोणी तोंडाने विचारत नाही. वाडी विचारतात. वाडी कळली की पुढचं आपोआप कळतं. मी म्हणाले, "खालची वाडी, सर." बौद्धवाडी म्हणायला जीभ रेटली नाही. साहेब घाटावरचे, पण कोकणात वर्षं काढलेले. खालची म्हणजे कुठली, ते त्यांना बरोबर समजलं. "बरं," म्हणाले, "तू सिंकजवळ राहा."

त्या लॅबमध्ये पाण्यातलं फिनॉल मोजायचं मशीन होतं. फिनॉल विषारी. ते मोजायला पेनाएवढी एक कांडी असते, तिला इलेक्ट्रोड म्हणतात. टोकाला कार्बनचा काळा ठिपका, टिकलीएवढा. ती नमुन्याच्या पाण्यात बुडवायची आणि विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. एका ठरलेल्या दाबाला पाण्यातलं फिनॉल त्या ठिपक्यावर येऊन जळतं आणि स्क्रीनवरची रेघ वर उठते. जेवढं फिनॉल जास्त, तेवढी रेघ उंच.

पण जळालेलं फिनॉल त्या ठिपक्यावरच चिकटून बसतं. डांबरासारखं. मग ठिपका आंधळा होतो. तेच पाणी दुसऱ्यांदा मोजलं की रेघ बुटकी येते, तिसऱ्यांदा आणखी बुटकी. म्हणून दर वेळी मोजायच्या आधी इलेक्ट्रोड घासायचा. मखमलीच्या चकतीवर अॅल्युमिनाची पांढरी पूड टाकायची, थेंबभर पाणी घ्यायचं, आणि कांडी सरळ धरून इंग्रजी आठचा आकडा काढत फिरवायची. एकाच दिशेने घासलं तर ठिपका एका अंगाला झिजतो. हे घासायचं काम माझं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. ठिपका चकाकला की त्यात ट्यूबलाइट दिसायची.

साहेबांची पद्धत वेगळी होती. इलेक्ट्रोड सकाळी एकदाच घासून घ्यायचे. मग कंपनीच्या सांडपाण्याचा नमुना लावायचा आणि तोच नमुना सहा-सात वेळा चालवायचा. "मशीनला सेटल होऊ द्यायचं असतं," असं सांगायचे. शेवटची रेघ ठेवायची, आधीच्या पुसायच्या. दीड वर्ष मी हे बघत होते. कॉलेजात शिकलेलं आठवत होतं, तरी वाटायचं, एवढा मोठा माणूस सांगतोय म्हणजे असेल तसं.

खुर्ची पुसली त्या दिवशी मशीनवरचा केमिस्ट चहाला गेला. सातवी रेघ जवळजवळ सपाट आली होती आणि इलेक्ट्रोड तसाच पाण्यात उभा. मला बघवेना. आईने लहानपणापासून लावलेली सवय, खरकटं भांडं पुन्हा चुलीवर चढवायचं नाही. मी इलेक्ट्रोड काढला, घासला, धुतला, त्याच नमुन्यात परत बुडवला. आणि खुर्चीवर बसून बटण दाबलं.

रेघ उठली. चढतच गेली. स्क्रीनच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

तेवढ्यात मागून आवाज आला. ऊठ.

खुर्ची पुसून झाल्यावर साहेबांनी ती रेघही पुसली. पण तोवर मी ती पाहिली होती.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. आधी ती पुसलेली खुर्चीच डोळ्यांसमोर होती. मग डोक्यात सगळं जुळत गेलं. सांडपाण्याच्या टाकीत धातूच्या पाट्या उभ्या केलेल्या होत्या. त्यांच्यावर उत्प्रेरकाचा लेप. वीज सोडली की त्या लेपावर फिनॉल तुटून जातं आणि पाणी निर्धोक होतं. तो लेप दोन पावसाळ्यांपूर्वीच उडालेला होता, हे टाकीवरची माणसं उघड बोलायची. पाट्या बदलायच्या तर टाकी बंद, टाकी बंद तर प्लांट बंद. त्यापेक्षा रेघ सपाट करणं सोपं. आणि ते पाणी सुटत होतं वहाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात. तो वहाळ अख्ख्या गावाला वळसा घालून शेवटी आमच्या वाडीत येतो. आमची विहीर वहाळाच्या काठावर आहे.

दीड वर्ष तो इलेक्ट्रोड माझ्या हाताने घासून जात होता.

घरी आले तर आई पडवीत पाय पसरून बसलेली. पायांना खोबरेल लावत होती. घोट्यापर्यंत पुरळ, कुठे कुठे कातडी सोललेली. आई वहाळाच्या कडेने माठ आणि मुळा लावते. सकाळ-संध्याकाळ पाण्यात उभी राहून शिंपते.

"कधीपासून गं हे?"

"झाले महिना-दोन महिने. पान्यात काय झालंन कुनास ठावं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा तोंड का असा? कुनी काय बोललान काय तुला?"

"नाही," मी म्हणाले.

सांगितलं नाही. महिनाभर कोणालाच सांगितलं नाही. आता लाज वाटते, पण तेव्हा फक्त भीती होती. बसमध्ये चढताना भीती. गेटवर कार्ड लावताना भीती. साहेबांच्या बुटांचा आवाज आला की हातातलं भांडं निसटायचं. घरात माझाच पगार येत होता. मुंबईत असलेल्या काकांनी खटपट करून ही नोकरी लावून दिली होती. आणि मी काय बोलणार? खालच्या वाडीची हेल्पर. माझं कोण ऐकणार? घरी मी एवढंच केलं. आईला म्हणाले, वहाळात पाय घालू नकोस. विहिरीचं पिऊ नकोस, वरच्या नळावरून आणू. आई म्हणाली, "वरच्या नलावर आपल्याला कोन उभा करतोय गो?"

मग शिमग्याच्या आधी, वहाळाचं पाणी आटत आलं तेव्हा, आमच्या वाडीतल्या दोन शेळ्या पाणी पिऊन तिथेच आडव्या झाल्या. वाडीने प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. कंपनीत निरोप आला की तपासणीला माणसं येणार आहेत, कागद तयार ठेवा. त्याच आठवड्यात मशीनवरचा केमिस्ट रजेवर गेला. वास लागला असणार त्याला.

तपासणीच्या दिवशी सकाळी साहेबांनी मला हाक मारली. नावाने. दीड वर्षात पहिल्यांदा. तोवर मी 'ए' होते.

"ये. बस ना."

त्याच खुर्चीकडे हात केला.

मी उभीच राहिले. खरंच कळेना, की मला म्हणतायत की आणखी कोणाला.

"अगं बस. शिकलेली मुलगी तू, किती दिवस भांडी घासणार? आजपासून मशीन तुझं. रिपोर्टवर तपासणाऱ्याचं नाव तुझं घालू. तुझ्याच गावचं पाणी, तुझीच सही. गावालाही बरं वाटेल."

पुढ्यात रिपोर्ट ठेवला. आकडा आधीच छापलेला होता. फिनॉल जवळजवळ नाहीच. खाली माझं पूर्ण नाव. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. एवढ्या चांगल्या कागदावर माझं नाव कधी छापलं गेलं नव्हतं. आईला दाखवावं, असंही मनात आलं.

आई मनात आली आणि तिचे पाय आठवले.

मग कळलं, ही खुर्ची मला का मिळाली. उद्या काही झालं तर धरायला एक नाव पाहिजे होतं. आणि वाडीचं तोंड बंद करायला वाडीचीच पोरगी पाहिजे होती. दिसायला तो मान होता. खुर्ची पुसली त्याहून घाण अपमान.

मी बसले. रिपोर्ट बाजूला सरकवला.

"सर," मी म्हणाले, "आधी घासते."

"काय?"

"इलेक्ट्रोड. आधी घासते, मग मोजते, मग सही करते."

ते काही बोलायच्या आत मी चकतीवर पूड टाकली. आठचा आकडा वाकडातिकडा होत होता. पण दीड वर्ष हाताने तेच केलं होतं. डोकं घाबरलेलं, तरी हात काम करत राहिले. धुतला. त्या सकाळचा नमुना लावला. बटण दाबलं.

रेघ वर गेली. तशीच, कडेपर्यंत. मी लगेच दोन प्रिंट काढल्या. आलेला आकडा पेनाने दोन्हींवर लिहिला, खाली सही केली, तारीख घातली. एक साहेबांच्या फायलीत ठेवली. दुसरी घडी करून ओढणीखाली सरकवली.

साहेबांनी फायलीतली फाडली. चार तुकडे केले. "मशीन सेटल झालेलं नाही. परत चालव."

मी इलेक्ट्रोड उचलला आणि चकतीकडे हात नेला.

"घासू नकोस!" ते ओरडले. "घासू नकोस म्हणतोय ना! तसाच चालव!"

सहा माणसांनी ऐकलं. ज्याने मला घासायला ठेवलं, तोच ओरडून सांगत होता, घासू नकोस. या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की हा माणूससुद्धा घाबरतो. माझ्या हातातल्या पेनाएवढ्या कांडीला घाबरतो.

"तसा नाही चालवणार, सर," मी म्हणाले. सॉरी म्हणाले नाही.

"उद्या गेटवर तुझं कार्ड चालणार नाही."

"समजलं."

या वेळी कोणी उठवायच्या आत मी आपणहून उठले. मनात आलं होतं, जाता जाता स्पिरिटची बाटली घेऊन ती खुर्ची पुसावी. नाही जमलं. तेवढी हिंमत नव्हती. बाहेर आले आणि तपासणीची माणसं गेटमधून आत येत होती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. कागद दिला नाही, दाखवला. त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवर फोटो काढला. बाकीचे साहेबांबरोबर चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी कार्ड चाललं नाही. गेटवरच्या मशीनवर लाल दिवा लागला. वॉचमन ओळखीचा, तो दुसरीकडे बघत राहिला.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. महिनाभर गप्प होते, तेही सांगितलं. तिने पायांकडे बघितलं. म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. पन आधी का नाय सांगितलंस गो?"

तपासणीचं पुढे काही कळलं नाही, म्हणून आता मी अर्ज घेऊन खेडला सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते. पिशवीत ती प्रिंट असते आणि विहिरीच्या पाण्याची एक बंद बाटली. रात्री झोप लागत नाही. रस्त्यावर मागून गाडी हळू आली की मी गटाराकडे सरकते. भीती गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही.

परवा एका टेबलामागच्या माणसाने अर्ज हातात घेतला. गाव वाचलं. मान वर करून विचारलं, "वाडी कुठची?"

"बौद्धवाडी," मी म्हणाले. "वहाळाच्या खालच्या अंगाची. तुम्ही वर जे सोडता, ते आम्ही पितो. लिहून घ्या. सही मी आधीच केलेली आहे."

तो पेन शोधायला लागला. पेन मिळेपर्यंत मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.