पाळण्याची खूण

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची कापडगिरणी दिसते. माग सुरू असले की आत काही ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातांनीच बोलतात. ओडिशाहून आलेल्या बिपिनने काल फोन पाहिला आणि दोन्ही हात पाळण्यासारखे झुलवले. मग खांद्यावरून वेणी सोडल्याची खूण केली. मुलगी! एका मागावरून दुसऱ्या मागावर हसू पसरत गेलं. इतक्या दूरची बातमी, पण कुणाला कुणाची भाषा शिकावी लागली नाही. माझं पिठलं मात्र तळाशी लागलं.

संध्याकाळी तो दारावरून जाताना मी म्हटलं, "बिपिनदादा, पेढे कधी?"

गिरणीच्या सवयीने तो ओरडलाच, "ताई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी नुसते हात झुलवले.