मागे पडलेली रेघ

आई मंगळवारी सकाळी गेली. तेव्हा माझे वडील, अण्णा, आणि मी तिच्याकडे पाठ करून उभे होतो.

सुप्याच्या एका कारखान्यात मी यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामधला प्रोग्रॅम लिहितो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्राकडून आलेली नोंद ड्रायव्हर मेमरीच्या एका राखीव तुकड्यात, म्हणजे बफरमध्ये ठेवतो. पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रॅम ती तिथून उचलतो. बफर लहान असला आणि उचलणारा संथ, तर काही नोंदी वाया जातात. मोठा ठेवला तर काहीच वाया जात नाही, पण साखर कारखान्याच्या काट्यासमोर उसाच्या गाड्या तुंबाव्यात तशा नोंदी तुंबतात. पडद्यावर मग थोड्या वेळापूर्वीचं दिसत राहतं.

आई केडगावच्या घरी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्या बोटाला नाडीची क्लिप लावून ती लॅपटॉपला जोडली. तिचा एकही ठोका वाया जाऊ नये म्हणून बफर मोठा ठेवला. लॅपटॉप जुना होता. बराच वेळ चालला की मागे पडायचा.

एकदा आईनं क्लिप काढली, तरी पडद्यावरची ठोक्यांची रेघ चालूच राहिली.

"बोट तर माझ्यापाशी हाय. मग हे कुनाचं चाललंय?" ती पाथर्डीकडच्या बोलीत म्हणाली. मी उशिराचं कारण सांगितल्यावर हसली. "म्हंजे यंत्र बी तुझ्यासारखंच. हाक मारली की उशिरानं ओ देतंय."

मीही हसलो. बफर लहान करायला फार वेळ लागला नसता. मी केला नाही.

त्या सकाळी अण्णा चमच्यानं तिला पाणी पाजत होते. तिनं डोळे उघडले होते, ओठ हलत होते. माझं लक्ष पडद्यावर होतं.

"अण्णा, हे बघा, रेघ किती छान आलीय."

चमचा हातात धरूनच ते वळले. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. मी मागे पाहिलं तेव्हा आईचे डोळे उघडेच होते आणि छाती हलत नव्हती.

"चालू हाय की अजून," अण्णा पडद्याकडे बघत म्हणाले.

बफरमध्ये उरलेले ठोके उमटत होते. मला ते कळत होतं. रेघ सपाट झाली तेव्हा अण्णा तिच्याकडे वळले.

भेटायला येणाऱ्यांना ते सांगतात, "पोरानं यंत्र केलं म्हनून शेवटच्या ठोक्यापस्तोर तिला बघितलं." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी चहाचे कप उचलून आत जातो.

परवा त्यांनी विचारलं, "रेघ थांबली तवाच गेली ना रं ती?"

"हो अण्णा," मी म्हणालो.

लॅपटॉप तिच्या कॉटखाली आहे. बफर तेवढाच आहे. तिचे ओठ काय म्हणत होते, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.