सहदेव तळवडेकरांनी सांगितलेला एक टन

सहदेव तळवडेकर मुलुंडला राहत आणि लोकांच्या खोल्या मोजत. फोर्टातल्या एअरकंडिशनर विकणाऱ्या एका कंपनीत ते इस्टिमेटर होते. १९५६ साली उपनगरांत हे मशीन असलेली घरं बोटांवर मोजता आली असती. ज्यांना ते घ्यायचं असे, त्यांना ते केवढं हवं हे आधीच ठाऊक असे: शेजाऱ्यापेक्षा मोठं.

सहदेवना मात्र ते मोजल्याशिवाय कळत नसे. ते खोलीची लांबी, रुंदी, उंची घेत. खिडकी कोणत्या दिशेला, वर गच्ची की माडी, दिवे किती, हे विचारत. मग विचारत, "या खोलीत माणसं किती झोपतात?" अंधेरीच्या एका गृहस्थांनी या प्रश्नावर त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला नोकर पाठवला होता. सहदेवनी जाता जाता त्या नोकराला समजावलं, की बसलेला माणूस शंभराच्या बल्बाइतकी उष्णता टाकतो. नोकर म्हणाला, "साहेब जास्त टाकतात."

त्या मार्चमध्ये घाटकोपरच्या नंदकिशोर दिघे वकिलांनी कंपनीला बोलावलं. त्यांच्या आई, जानकीबाई, अर्धांगाच्या झटक्यानंतर माडीवरच्या खोलीत पडून होत्या. वर गच्ची, पश्चिमेला खिडकी. दुपारी चारला भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. सहदेवनी अर्धा तास मोजमाप केलं आणि वहीत बघून सांगितलं, "एक टन."

"दोन लिहा," वकील म्हणाले. "माझ्या साडूकडे दीड आहे."

"त्यांची खोली केवढी आहे?"

"खोलीचा काय संबंध?"

पलंगावरून जानकीबाईंनी विचारलं, "टन म्हणजे काय रे बाबा?"

"आजी, चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हे मशीन दिवसभरात बाहेर काढतं."

"एवढा बर्फ ठेवणार कुठे?"

"बर्फ नसतो, आजी. नुसता हिशेब."

"मग दोन कशाला?" जानकीबाई म्हणाल्या.

वकिलांनी ते ऐकलं नाही. सहदेवनी पुन्हा समजावून पाहिलं. मोठं मशीन खोली दहा मिनिटांत गार करतं आणि आपोआप थांबतं. हवेतलं पाणी काढायला मात्र त्याला बराच वेळ चालावं लागतं. ते चाललंच नाही तर खोली गारही राहते आणि ओलीही. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. त्यांचे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. धागा तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. धागा तुटला नाही. वडील बावन्नाव्या वर्षी खोकून खोकून गेले.

वकिलांनी त्याच दिवशी कंपनीला फोन केला, की तुमचा माणूस आमच्या खोलीला लहान म्हणतो. मॅनेजर कारखानिसांनी सहदेवना बोलावलं.

"तळवडेकर, गिऱ्हाईक दोन मागतंय. तुम्ही एकावर का अडलात?"

"खोली एक मागतेय, साहेब."

"खोली सही करत नाही," कारखानीस म्हणाले, आणि कागदावर एकाचे दोन केले.

सहदेव घरी येऊन नुसते बसून राहिले. त्यांची बायको मालन हिने विचारलं, "तुमी असे गप कित्याक?" त्यांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, म्हणाली, "मगे खरां काय तां सांगलात मां? उठा, जेवा." ते जेवले. पण भात अर्धा राहिला.

एप्रिल-मे बरे गेले. वकिलांनी साडूला दोनदा जेवायला बोलावून माडीवर नेलं. जुलैत तक्रार आली: मशीन नादुरुस्त. सहदेवना पाठवलं गेलं. खोलीत थंडी होती आणि चादर पिळता येईल अशी वाटत होती. कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकांवर हिरवी लव आली होती. जानकीबाईंचे सांधे धरले होते. सहदेवनी मशीन उघडून पाहिलं. ते उत्तम चालत होतं. त्यांनी फीत काढली आणि खोली पुन्हा मोजली.

"किती आलं?" वकिलांनी विचारलं.

"एक टन."

वकिलांनी कपाटातलं एक पुस्तक काढून त्यावरची लव पुसली. सहदेवनी फीत गुंडाळून खिशात ठेवली. जानकीबाईच म्हणाल्या, "नंदू, याचं ऐकायचं नव्हतं तर याला बोलावलंस कशाला?"

मशीन परत घेण्याची कंपनीत रीत नव्हती. मग सहदेवनी खाली वकिलांचं ऑफिस मोजलं. मोठी खोली, सकाळपासून बारा-चौदा अशिलं, सगळी वैतागलेली. हिशेब बरोबर दोन टनांवर आला. मोठं मशीन खाली गेलं, आईच्या खोलीत एक टनाचं बसलं. आठवड्याभरात चादरी कोरड्या झाल्या. सांधे सुटायला मात्र दिवाळी उजाडली.

एका घरात दोन मशीनं खपवल्याबद्दल कारखानिसांनी सगळ्या खात्यासमोर सहदेवची पाठ थोपटली. "याला म्हणतात विक्री! आधी एक सांगायचा, मग दोन द्यायचे, मग पुन्हा एक." सहदेव म्हणाले, "साहेब, तसं नव्हतं." सगळे हसले. त्यांना विनयाचा नमुना म्हणून नव्या इस्टिमेटरांना शिकवायचं काम दिलं. त्या रात्री त्यांना विनाकारण अपराधी वाटलं आणि झोप लागली नाही.

पुढच्या मार्चमध्ये सहदेव मशीन साफ करणाऱ्या फिटरबरोबर दिघ्यांकडे गेले. खोलीत मशीन बंद आणि पश्चिमेची खिडकी सताड उघडी. घामाने डबडबलेल्या जानकीबाई उशीला टेकून प्रसन्न बसल्या होत्या.

"आजी, बिघडलं का?"

"छे. झकास आहे. नंदू कोर्टात गेला की मी बंद करायला लावते."

"का?"

"मशीनच्या आवाजात पलीकडच्या घरातल्या सुगंधाचं आणि तिच्या सासूचं भांडण ऐकू येत नाही. दिवसभर मी दुसरं काय करायचं?"

सहदेवनी वही उघडली. मग मिटली. तेवढ्यात पलीकडे भांडी आदळली. जानकीबाईंनी चांगला हात वर करून त्यांना गप्प केलं आणि पलंगाजवळची खुर्ची दाखवली. सहदेव बसले. फिटरही दाराला टेकला. सासू लोणच्याच्या बरणीवरून सुरू झाली होती.