मळीचा वास

माझे मालक दारू सुटावी म्हणून मलकापूरजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहतात. रविवारी मी कडेगावहून एसटीने भेटायला जाते. त्या रविवारी केंद्रातले सर म्हणाले, "आता सुधारणा आहे. गावच्या यात्रेला चार दिवस घरी न्यायला हरकत नाही." मला आनंद व्हायला हवा होता. पण हे समोर आले आणि शर्टाला आंबूस वास आला. तो वास मी झोपेतही ओळखते.

चारचौघांत मला बोलता येत नाही. पण विचारात पडले, हे पिऊन येतात कुठून? केंद्राच्या भिंतीला लागूनच गुऱ्हाळ आहे. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस न देता माघारी लावत नाहीत. रसाच्या नावाखाली आणखी काय देत असतील, कोणी बघितलंय?

चहा झाल्यावर हे म्हणाले, "सरांना विचारलंय, जरा गुऱ्हाळावर जाऊन येतो." मी मागोमाग गेले. हे रसाच्या काहिलीखाली, चुलवाणाच्या जाळात उसाची चिपाडं सारत बसले होते.

काहिलीवर गूळ करणारा गुळव्या हसला. "या वैनी! पाळत ठिवलीया व्हय?"

मी पदर तोंडाला लावला. यांनी मात्र ओळखलं.

"वास आला न्हवं? त्यो बघ." त्यांनी मागचा खड्डा दाखवला. काहिलीतल्या रसावरची मळी काढून तिथं टाकतात. ती आंबून फसफसत होती. "माझी खिडकी त्याच्यावरच हाय, कापडंबी वास धरत्यात. वास आला की जीव कासावीस हुतो गं. हितं धुरात बसलं की कळत न्हाई."

"फुंका," मी म्हणाले.

"माणसं हायत की."

"असू देत."

त्यांनी माझ्या तोंडावर श्वास सोडला. नुसता गुळाचा वास. मी पुन्हा फुंकायला लावलं. गुळव्या दुसरीकडे बघत काहील हलवत राहिला.

इथं नुसत्या वासानं यांचा जीव कासावीस होतो. आमच्या गल्लीत तर तिसऱ्या घरी बाटली मिळते, आणि यात्रेत हाका मारणारे सोबती वेगळेच.

"यंदा यात्रेला नको," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले, आणि चिपाडं सारू लागले.

एसटीत बसल्यावर मला हायसं वाटलं. कराड मागं पडेपर्यंतच. मग वाटलं, यात्रेवर एवढा जीव असलेला माणूस एका शब्दात बरं कसा म्हणाला?

पुढच्या रविवारी मी न सांगता लवकरच्या गाडीनं जाणार आहे.